जीवनचा बेसचा डबा

माहा भाऊ जीवन ऑर्केस्ट्रात बेस गितार वाजवते असं सांगतलं, का लोकं इचारतात, "म्हंजे काय करते?" आता काय सांगू! चार जाड्या तारा असतात तिले. गान्याच्या खालून जो घुमता आवाज जाते, तो तिचा. आयकनाऱ्याले तो येगळा कळत नाई. बंद पडला तं गानं उघडं पडल्यावानी वाटते, एवढंच. हे बी मले आत्ता आत्ता समजलं. पह्यले मी बी सगळ्या गावासारखीच म्हनो, का हा नुसता उभा राहून बोटं हालवते.

मी बेबी, त्याची मोठी बहीन. नवरा गेल्यावर मी मोताळ्याजवळ माहेरी परत आली. आमी दोघं मिळून भेंडी, वांगे, मेथी पिकवतो अन् मोताळ्याच्या बाजारात इकतो. भाव मी करते, तोलते तो. गिऱ्हाईक म्हनलं, "भाऊ, अजून दोन टाका ना," का हा चार टाकते. मी डोळे वटारले का हासते. त्याच्या हासन्यावर मले इतका राग येते का सांगू नोका! पन त्या रागानं घर चालत नाई, म्हनून गप बसते.

खामगावच्या चंद्रशेखरनं ऑर्केस्ट्रा काढला, तवा जीवन बारावी नापास होऊन घरी होता. शेखरभाऊ म्हनतात त्याले सगळे. पोराईनं ढोलक घेतली, कीबोर्ड घेतला, गायाले तं रांगच लागली. बेस गितार उरली. जीवन म्हने, "उरली तं मी घेतो." त्याचा सगळा जलमच असा. पंगतीत मागून बसन अन् उरलं ते खाईन. पन हे उरलेली वस्तू त्याच्या जिवाले लागली. वांग्याच्या वाफ्यात पानी सोडता सोडता त्याचे बोटं फावड्याच्या दांड्यावर चालत. लग्नासाठी दोन-तीन ठिकानी पाह्यलं. पोरगा ऑर्केस्ट्रात हाय म्हनलं का पाव्हने चहा पेऊन जे जात ते परत येत नसत. मंग आमी बी इचारनं सोडलं. त्यानं कधी तोंडातून शबद काढला नाई. मीच चुलीपाशी बसून रडो.

अन् एवढं करून त्याचं वाजवनं आयकलं कोनी? कोनीच नाई. खेड्यापाड्यातल्या कार्यक्रमाले भोंगे लागत. भोंग्यातून गायकाचा गळा निंगे, कीबोर्ड निंगे, खालचा आवाज भोंग्यातच मरून जाये. जीवन मांगच्या रांगेत पंचवीस वर्सं उभा राह्यला, अन् गावाले वाटे का हा शोभेसाठी ठेवला हाय.

कोरोनानंतर तारखा कमी झाल्या. शेखरभाऊनं शिवम नावाचा नवा पोरगा आनला, कीबोर्डवाला. पोरगं हुशार, खोटं काऊन बोलू! उजव्या हातानं गानं वाजवे अन् डाव्या हातानं कीबोर्डवरच बेस काढे. शेखरभाऊनं जीवनले घरी येऊन सांगतलं, "जीवन, तुहा आवाज येत नाई बे. गाडीत एक मानूस कमी झाला तं मले परवडते. पन तू जुना हाय. सोताचा अँप्लिफायर अन् स्पीकर घे, आवाज आला पाह्यजे. मंग तुले कोनी काढत नाई."

जीवन म्हने, "हाव, घेतो ना."

शेखरभाऊ गेल्यावर मी म्हनलं, "सोडून दे ते. शेती हाय, मी हाय." तो म्हने, "ताई, मले तेवढंच येते वं." त्याच्या डोळ्यात पानी होतं. मी दुसऱ्या दिवशी माह्या दोन बकऱ्या बाजारात नेल्या.

खामगावले आमी दोघं गेलो. मी काऊन गेली? तं दुकानदारानं "अजून दोन" म्हनलं असतं तं यानं गितारही देऊन टाकली असती! दुकान मोठं होतं. मानसाएवढाले डीजेचे स्पीकर भिंतीले लावलेले. दुकानदारानं त्यातलाच एक लावून दाखवला. असा दनका बसला का माह्या छातीत धडधड सुरू झाली, शटर वाजाले लागलं.

"पाहा भाऊ, छाती हालते का नाई!" दुकानदार म्हने.

जीवन म्हने, "दादा, छाती नाई हालवाची. सूर आयकू आला पाह्यजे."

दुकानदारानं मंग त्याच्याकडं नीट पाह्यलं. अंदरून त्यानं एक संच आनला. खाली येगळा स्पीकरचा खोका, वर अँप्लिफायर. त्याले वायर लावाले एकच भोक. म्हने, "हा फक्त बेस गितारीचा. दुसरं कायीच याच्यावर चालत नाई."

जीवननं गितार लावली अन् एक तार छेडली.

आता मी अडानी बाई, मले गान्यातलं काय कळते! पन तो आवाज कानात आला नाई, खालून आला. फरशीतून पायात आला, पायातून पोटात. अन् घुमला तरी साफ होता. त्यानं डोळे मिटले अन् वाजवत गेला. जुनं एक अंगाईचं गानं होतं, आमची माय म्हने ते. मले शबदाबिगर वळखू आलं. मी तिथीच स्टुलावर बसून पदर तोंडाले लावला.

"अरे जीवन्या," मी म्हनलं, "एवढं वाजवतं तू? अन् मले इतके वर्सं काऊन नाई आयकू आलं रे?"

तो हासला. पन ते हासनं येगळं होतं. त्यावर मले राग आला नाई.

मले वाटलं, झालं, घेतला आता. पन त्याची नजर बाजूच्या एका डब्यावर गेली. त्यात अँप्लिफायर अन् स्पीकर एकाच खोक्यात, अन् वायर लावाले तीन भोकं. गितार लावा, कीबोर्ड लावा, माईक लावा. त्यावर बी त्यानं वाजवून पाह्यलं. आवाज आला, वाईट नोता, पन पह्यल्याची मजा नोती. जीभ पोळल्यावर भाजी खाल्ल्यावानी. दुकानदार बी म्हने, "भाऊ, तुमचा हात त्या पह्यल्यावरच शोभते."

जीवन म्हने, "हे बरोबर हाय. पन ते एकट्याच्याच कामाचं हाय."

"मंग?" मी म्हनलं. "एकटाच तं हाय तू!"

"नाई वं ताई. कधी कोनाचं मशीन बिघडलं, सप्त्यात माईक लागला, कोनाच्या घरी लग्नाची हयद असली, तं मांगाले येतीन. त्याईले काय सांगू, का माह्या डब्याले एकच भोक हाय?"

आता याले तरी काय बोलनार! आमच्याकडं हे असंच हाय. फवारनीचा पंप घेतला का तो आळीचा होते. ताडपत्री घेतली का पाऊस आल्यावर आपल्या घरी नसते. लग्नातले सैपाकाचे मोठे गंज आमच्या घरचे, पन पाच वर्सं झाले मी त्याईचं तोंड पाह्यलं नाई. एकट्यापुरती वस्तू घेतली तं मानूस लोकाईच्या मनातून उतरते. तरी मी म्हनलं, "अरे, जनमात एक गोष्ट तरी सोतासाठी घे!" तो आयकला नाई. तीन भोकाचाच घेतला.

घरी आनल्यावर सारी आळी पाहाले आली. जीवन रोज सांजच्याले अंगनात वाजवे. आवाज बरा येये. शेजारची अंबूबाई म्हने, "बेबे, तुह्या भावाच्या हातात जादू हाय वं." मी भाकरी थापता थापता ताठ बसो. आता त्याले कोन काढते पाहू, असं मनाशी म्हनो.

पह्यला कार्यक्रम संग्रामपूरकडच्या एका गावात होता, लग्नाच्या हयदीचा. मी म्हनलं, मी येनार म्हंजे येनार. ठेवनीतलं लुगडं नेसली अन् गाडीत सगळ्याईच्या आंधी जाऊन बसली. जीवननं दुपारीच डबा मांडवात लावला, फडक्यानं पुसला.

शिवम आला. पोरगं गरीब सभावाचं, वाकून पाया पडलं. म्हने, "काका, याच्यात दोन सॉकेट रिकामे हायत. माहा कीबोर्ड लावू का? भोंग्यात बेस येतच नाई."

"लाव ना बापा, इचारते काय! त्याच्यासाठीच तं घेतला."

पह्यलं गानं सुरू झालं. दोघाईचा बेस एका डब्यातून निंगाला अन् सगळं गढूळ झालं. शेखरभाऊनं मांगं वळून हात केला, "जीवन, तुहा जरा कमी कर." त्यानं बटन मुरगाळलं. दुसऱ्या गान्याले परत हात केला. त्यानं अजून कमी केलं. तिसऱ्या गान्याले शेखरभाऊ हासला, अंगठा दाखवला, म्हने, "आता जमलं!"

लोकं नाचाले लागले. मी बायाईत बसून होती. मनात म्हनलं, पाहा, आयका, माहा भाऊ वाजवून राह्यला! बाजूच्या बाईले बी मी सांगतलं, हा खालून आवाज येते ना, तो माह्या भावाचा. ते म्हने, "हो का वं! लय मस्त वाजवतात."

तेवढ्यात जीवननं घाम पुसाले हात तारांवरून उचलला. दुपट्टा घेतला, कपाळ पुसलं, मान पुसली.

खालचा आवाज चालूच होता.

मले आंधी समजलंच नाई. मंग शिवमच्या डाव्या हाताकडं पाह्यलं तवा समजलं. जीवनचं बटन पार खाली होतं. अन् त्यानं दुपट्टा खांद्यावर टाकला, बोटं परत तारांवर ठेवले अन् वाजवू लागला. तालात, मान हालवत, एक बी सूर न सोडता. आयकाले कोनीच नोतं. त्याले सोताले बी आयकू येत नसंन. कार्यक्रम संपेपर्यंत तो तसाच वाजवत राह्यला. माह्या बाजूची बाई म्हने, "तुमाले काय झालं वं माय?" मी म्हनलं, डोळ्यात हयद गेली.

गाडीत शेखरभाऊ लय खुश. "काय आवाज हाय बे जीवन तुह्या डब्याले! पैसे वसूल!" जीवन म्हने, "हाव." मी तोंड उघडनार होती. त्यानं माहा हात दाबला.

पुढच्या तारखेले गाडी दारात आली तं त्यात शिवम एकटाच. खाली मान घालून म्हने, "काका, शेखरभाऊनं डबा मांगितला. तुमी... गाडीत जागा नाई म्हने. डब्याचं भाडं देनार हायत."

माहा तोल सुटला. "सांग त्या शेखरले, डबा नाई मिळत! इतके वर्सं मांगं उभा केला अन् आता खोका पाह्यजे? लाज वाटत नाई?" शिवम रडकुंडीले आला. अंबूबाई कुंपनापाशी उभी राह्यली. जीवन म्हने, "ताई, पोरावर काऊन वरडते? दारी मांगाले आलेल्याले नाई कसं म्हनू?"

त्यानं घरातून माही गोधडी आनली, डब्याले चहूकडून गुंडाळली, सोता उचलून गाडीत ठेवला. रस्ता खराब हाय, मधात आडवा करू नोको, असं शिवमले सांगतलं. भाडं नोको म्हनला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा राह्यला.

मंग ओट्यावर येऊन बसला. मी बाजूले बसली. तो म्हने, "डबा सगळ्याईले पाह्यजे वं ताई. मले कोनी मांगतच नाई."

मी म्हनलं, "मी मांगते. मले वाजवून दाखव. मायचं ते गानं."

तो उठला, गितार आनली, मांडीवर घेतली. डोळे मिटून वाजवाले लागला. डब्याबिगर त्या गितारीले आवाज नसते. मी अगदी जवळ सरकली, त्याच्या हातापाशी कान नेला. तारांवर बोटं घासल्याचं तेवढं आयकू आलं. गानं कुठी सुरू झालं अन् कुठी संपलं, मले समजलं नाई.

त्यानं डोळे उघडले अन् इचारलं, "आयकू आलं का?"

मी म्हनलं, "हाव रे. सगळं आलं."