मामांच्या हुकमाची केळी

केळं ऊन लागून किंवा पेंढ्यात घालून पिकत नाही, माझ्या मामेसासऱ्यांच्या परवानगीने पिकतं, अशी त्यांची स्वतःची ठाम समजूत होती. रत्नागिरीत मोटारी नुकत्या धावू लागल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. गावातल्या लहानमोठ्या दुकानांना केळी पुरवायची आणि न खपलेली परत घ्यायची, हा मामांचा धंदा. नासलं तर नुकसान त्यांचं. त्यामुळे कुणाच्याही दुकानात शिरून घडांवर हात फिरवायचा अधिकार आपल्याला आहे असं ते मानत. गिऱ्हाइकाच्या हातातली फणी काढून घेत आणि "ही उद्याची आहेत," म्हणून परत टांगत. बंदरावर माल उरला की तो बाजारपेठेत, बाजारपेठेत उरला की वरच्या आळीत. हमालाच्या डोक्यावर केळ्यांची एवढी यात्रा व्हायची की ती पिकण्याऐवजी दमायची. घरी यायचा तो काळा पडलेला माल. मामींनी उभ्या संसारात पिवळं केळं पाहिलं ते दुसऱ्याच्या सत्यनारायणाला.

एका महाशिवरात्रीला मामांना साक्षात्कार झाला. मुंबईची बोट येणार, उपासाचे चाकरमानी भुकेले उतरणार, तेव्हा सगळी पिकली केळी बंदरावर हवीत. सकाळीच त्यांनी बाजारपेठेतल्या दुकानातले सगळे पिकले घड उतरवून नेले. तिथला दुकानदार मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "मामा, माझ्या गिऱ्हाइकांनी काय हिरवी केळी चावायची?"

"उपास आहे ना? मग उपाशी राहू देत की."

बोट वाटेत बिघडली. दिवसभर बंदरावरच्या उन्हात केळी काळवंडली आणि गावाने रताळ्यांवर शिवरात्र उरकली. संध्याकाळी मामा माल घेऊन परतले तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, "उद्यापासून मी दुसरीकडून घेईन." तो सगळा माल मामांनी घरी आणला. आठवडाभर मामी रोज शिकरण करत होत्या आणि मामांशी बोलत नव्हत्या.

नवा व्यापारी उरलेलं परत घेत नसे, त्यामुळे त्या दुकानात काळे घड लोंबू लागले. मामा रोज समोरून जात, थांबत, मान हलवत आणि पुढे सरकत. एके दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. आत शिरले, त्या परक्या मालातल्या उन्हात आलेल्या फण्या उतरवून सावलीत टांगल्या आणि बाहेर पडले. दुकानदार बघत राहिला. त्याने फण्या तिथेच राहू दिल्या.

पुढे काही वर्षांनी मामांनी अंथरूण धरलं. "जावई, सगळ्यांना सांगा, आता आपापला माल आपण बघा," असा निरोप त्यांनी माझ्याकडे दिला. बाजारपेठेतल्या दुकानदाराशी त्यांचा व्यवहार केव्हाच संपला होता, तरी मी त्याच्याकडेही गेलो. त्याने ऐकून घेतलं, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि माझ्याबरोबर चालू लागला.

मामांनी डोळे उघडून त्याला बघितलं. "दुकानात कोण आहे?"

"बंद करून आलोय."

"बाजाराच्या दिवशी?" मामा पुटपुटले. वेडा आहेस, असं काहीतरी ते म्हणणार होते बहुतेक. पण नुसते त्याचा हात धरून पडून राहिले. दिवेलागण झाली तरी तो उठला नाही, आणि त्याला जा म्हणायचं मामांच्याही जिवावर आलं.