रिकाम्या खाचेवरचा दिवा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चौथीच शिकले, पण खुळी नाही. झालं तेवढं लिहिते.

खराडीत एका आयटी कंपनीत मी साफसफाई करते. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे, नेटवर्कची खोली आहे. भिंतीवर वायरींनी भरलेला डबा... त्याला स्विच म्हणतात. एका सकाळी त्यातली एक वायर लोंबकळताना दिसली. पसारा मला खपत नाही. टोक उचललं, शेजारच्या रिकाम्या खाचेत घातलं.

दहा मिनिटांत अख्ख्या मजल्याचं नेट बंद!

नेटवर्कच्या मॅडम धावत आल्या. "मावशी, ही वायर कोणी लावली?"

"मी. लोंबत होती."

"अहो, दोन्ही टोकं एकाच डब्यात घातलीत! निरोप आतल्या आत गोल फिरतोय, वाढत चाललाय..."

म्हणजे आमच्या गल्लीतली अफवा.

मॅडमनी वायर उपसून कपाटात टाकली. असं फिरणं आपोआप अडवायची सोय असते म्हणे. ती कुणीतरी बंद ठेवलेली, ती चालू केली. आता निरोप फिरून आला की ती खाच बंद पडणार, वर केशरी दिवा लागणार.

सुपरवायझर म्हणाले, "पुन्हा हात लावलात तर घरी बसा."

घरी बसून खाऊ काय? नवरा दोन वर्षं अंथरुणात.

त्या संध्याकाळी मॅडमनी खोलीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते काढलं, मी झाडू घेऊन मागे. त्याच खाचेवर केशरी दिवा!

मागून आलेले सुपरवायझर ओरडलेच, "मावशी, काल काय सांगितलं होतं?"

"थांबा हो," मॅडम म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे होती. आणि वायर कुठाय? दाखवा ना."

खाच रिकामी होती.

मॅडमनी लॅपटॉप जोडला. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. "स्विचचाच निरोप या खाचेतून परत येतोय..."

"कुठून?" मी विचारलं.

त्यांनी लॅपटॉप मिटला.

डबा बदलला. नव्या डब्यातही तीच खाच, तोच रंग. मग सुपरवायझरनी मुकाट्याने लिहून दिलं – मावशींची चूक नाही. नोकरी राहिली.

एकदा मॅडमना म्हटलं, "ती अडवायची सोय बंद केली तर?"

"मावशी, तेवढं नका विचारू."

एवढ्या शिकलेल्या बाईला सांगता येईना, मी काय सांगणार? त्या खोलीत झाडते रोज. डब्याकडे पाठ मात्र करत नाही.