एक सायकल, दोन चेनी

संयोगिता आणि साक्षी सख्ख्या जावा. दोघींत विस्तव जात नव्हता. घरात सायकल मात्र एकच. सकाळी थोरली संयोगिता बेदाण्याच्या शेडवर निवडीला जायची. दुपारी ती परतली की धाकटी साक्षी तीच सायकल घेऊन तासगावात कापडाच्या दुकानात कामाला.

चेनीवर काळ्या मळाचा थर बसला होता. जोर दिला की ती सटकायची.

"आक्का, चेन बदलाया झालीया," साक्षी म्हणाली.

"तुला कवा फडकं मारायला नगं, म्हणून बदलायची. मी करती साफ."

"करा की."

रविवारी संयोगितानं चेन काढून डिझेलमध्ये भिजवली, जुन्या ब्रशनं घासली. मळ निघाला तसा खरा प्रकार दिसला. कड्या झिजून सैल झाल्या होत्या. चेन हातात दोरीसारखी लुळी पडत होती. म्हणजे साक्षीचंच खरं. ते कबूल करणं तिच्या जिवावर आलं. तेल सोडून तिनं तीच चेन परत चढवली आणि तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साक्षी चढावर उभी राहून पायडल मारत असताना चेन तुटली. ती खडीवर पडली. कोपर, गुडघा सोलून निघाला. सायकल ढकलत ती दारात आली.

"तुमास्नी ठावं हुतं."

"मला काय ठावं असणार?" संयोगिता म्हणाली. जावेच्या कोपरावरचं रक्त तिला दिसत होतं, पण हळद आणायला ती उठली नाही.

साक्षीनं स्वतःच्या पैशानं नवी चेन आणली. संध्याकाळी घरी आली की ती चेन काढायची, कागदात गुंडाळून पेटीत ठेवायची.

"लोक हसत्याली गं," सासू मनुबाई म्हणाल्या.

"हसू द्या. माझी हाय ती."

संयोगितानं तुटकी चेन जोडून घेतली, काही दिवस तिच्यावर काढले, मग तिनंही नवी आणली. आता रोज दुपारी एकीची चेन उतरायची, दुसरीची चढायची. दोघींचे हात काळे. एकमेकींना पक्कडसुद्धा कोणी देत नसे.

पण संयोगिताची नवी चेनही सटकू लागली. स्टँडजवळच्या सायकल दुरुस्तीवाल्या शमशेरनं चाक फिरवून पाहिलं.

"वहिनी, जुन्या चेनीनं मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलचे दात खाल्ल्यात. ते बदलल्याबिगर कुठलीच चेन टिकायची न्हाई."

म्हणजे साक्षीचीही सटकत असणार. ती बोलत नव्हती, एवढंच. आणि फ्रीव्हील काही रोज काढून पेटीत ठेवता येत नाही.

रात्री जेवताना संयोगितानं भाकरीकडं बघत सांगितलं, "फ्रीव्हील गेलंय."

साक्षीनं सासूच्या ताटात आमटी वाढली.

"तुमच्या चेनीनं खाल्लंय. तुमीच बदला."

"दोघी मिळून बदला की," मनुबाई म्हणाल्या. संयोगितानं आपलं ताट उचललं, साक्षीनं आमटीचं पातेलं.

सकाळी संयोगिता डबा घेऊन पायीच शेडकडं निघाली. दुपारी साक्षीही पायीच गेली.