पाटी रेणुसेनं काढली

लढाईच्या दिवसांत लोकांच्या बदल्या इराकला झाल्या, ब्रह्मदेशाला झाल्या. माझी झाली वेल्ह्याला. वेल्हे म्हणजे माझं आजोळ. भोरच्या घरून पायी जाता येईल अशा ठिकाणी सरकारनं मला रेल्वेचा वॉरंट, म्हणजे फुकटचा पास, देऊन, अर्धा मुलूख फिरवून आणलं. बरोबरची पोरं म्हणाली, "रेणुसे, तू लढाईला चाललास का मामाकडं?" मी पण हसलो.

तोरण्याच्या पायथ्याला डोंगरी लढाईच्या ट्रेनिंगचा कॅम्प पडला होता. जवान डोंगर चढायचे, उतरायचे, हातपाय मोडून घ्यायचे. मी नाईक, मोटार मेकॅनिक. आमचं वर्कशॉप म्हणजे एक ताडपत्री, लोखंड पकडायचे दोन व्हाइस आणि हातानं फिरवायचं ड्रिल. वर जमादार पवार. तेही भोरकडचेच. मी रिक्रूट असताना पाना कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं. त्यांच्या ताटात जेवलोय मी. हे आधीच सांगून ठेवतो.

ड्रायव्हर होता धोंडिबा भुरुक, खास वेल्ह्याचा. माझ्याहून लहान, मला दादा म्हणायचा. लई बोलका. गाडीशीसुद्धा बोलायचा, "चल गं म्हातारे, आता रुसू नगं."

म्हातारी म्हणजे कॅम्पातली जुनी विलायती मोटार. मागची सीट काढून ती आजारी माणसं न्यायला ठेवली होती. इंजिन असं, की पहिल्या हँडलला उठायचं. पण गिअरबॉक्सनं राम म्हटला. दात झडले. नवा पार्ट विलायतेहून यायचा, आणि तिकडे बोटी बुडत होत्या. कॅम्पातला एक अमेरिकन ट्रक मात्र दरीत पडून भंगार झाला होता. त्याचा गिअरबॉक्स शाबूत होता.

"रेणुसे, ह्याचा तिला लाव," पवार साहेब म्हणाले.

"बसणार न्हाई, साहेब. सोयरीक जुळत न्हाई."

"जुळव. ऑर्डर हाय."

जुळवली. सिव्हिल माणसाला सांगायचं तर असं. इंजिनाच्या मागच्या तोंडाला बोल्टांची भोकं एका मापाची, गिअरबॉक्सच्या तोंडाला दुसऱ्या. मध्ये जाड लोखंडी प्लेट घालायची आणि तिला दोन्हीकडची भोकं पाडायची. नुसती भोकं जुळून भागत नाही. गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाच्या बरोबर मध्यावर यावा लागतो, केसभर सरकला तर बेअरिंग खातो. क्लच प्लेटचा बाहेरचा घेर म्हातारीचा ठेवला, मधला भाग अमेरिकनचा घातला आणि दोन्ही रिव्हेट केले. मागचा लांब शाफ्ट कापून, जोडून आखूड केला. ड्रिल फिरवून हाताची सालटी निघाली. शेवटी गिअर पडला आणि म्हातारी चालली. भुरुकनं तिच्यापुढं नारळ फोडला. पवार साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

एक काम राहिलं होतं, हँडब्रेकचं. त्या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नव्हता. गिअरबॉक्सच्या शेपटाला एक ड्रम होता आणि ब्रेकचा पट्टा त्यावर आवळायचा. गिअरबॉक्स निघाला तसा तोही निघाला, आणि अमेरिकनच्या शेपटाला तसलं काही नव्हतं. उरला पायाचा ब्रेक. तो लोखंडी सळयांवर चालणारा, फक्त मागच्या दोन चाकांना. सपाटीला तेवढ्यानं भागतं. चढावर गाडी थांबली तर माणसाचा एक पाय ब्रेकवर अडकतो, दुसरा क्लचवर, आणि रेस द्यायला तिसरा पाय देवानं दिलेला नाही. मी साहेबांना तोंडावर सांगितलं.

"साहेब, हँडब्रेक झाल्याबिगर हिला चढाला न्यायची न्हाई."

"मला शिकिवतो व्हय रं? कळलं."

वर्कशॉपचा एक नियम होता. काम अर्धवट असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला लाल पत्र्याची पाटी बांधायची, आणि ज्या मेकॅनिकनं बांधली त्यानंच ती काढायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो कुणी का असेना. ड्रायव्हर लोक इंजिन उघडून बघत नाहीत, पाटी बघतात. मी माझ्या हातानं पाटी तारेनं पक्की बांधली आणि ब्रेकचं सामान करून आणायला भोरला गेलो.

दुसऱ्या दिवशी पाब्याच्या खिंडीपलीकडं शिपाई गायकवाड कड्यावरून घसरला. वायरलेसवर निरोप आला. "वन कॅज्युअल्टी. लेग फ्रॅक्चर. सेंड ट्रान्सपोर्ट. ओव्हर." कॅम्पात ट्रक उभा होता. पण कॅप्टन साहेब खिंडीतच ट्रेनिंग बघत होते. जमादार पवारनं मेलेली मोटार उठवली, हे त्यांना दाखवायची हीच वेळ होती. पवारांनी म्हातारी काढायला सांगितली.

जाताना गाडी हलकी होती, खिंड चढून गेली. येताना मागं गायकवाड, पायाला फळ्या बांधलेला, आणि त्याच्याजवळ एक स्ट्रेचरवाला. पुढं भुरुक आणि पवार. पलीकडून परत खिंड चढताना खालच्या वळणावर भुरुक दुसऱ्या गिअरवरून पहिला टाकायला गेला. गाडी न्यूट्रलला आली आणि इंजिन बंद पडलं. उभ्या गाडीत दातावर दात आले, गिअर पडेना. म्हातारी मागं सरकायला लागली. भुरुक दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. गाडी थांबली.

"साहेब, चाकाला दगड लावा!" तो ओरडला.

पवारांनी उडी मारली आणि डोंगराच्या बाजूला जाऊन उभे राहिले. दगड पायाशी पडले होते. एकही उचलला नाही.

भुरुकला उडी मारता आली असती. पाय काढला असता तर मागचे दोघं दरीत गेले असते. तो स्ट्रेचरवाल्याला म्हणाला, "गायकवाडाला वढ भाईर. म्या धरलीया." स्ट्रेचरवाल्यानं गायकवाडाला ओढून रस्त्यावर घेतलं. तेवढ्यात ब्रेकची सळई तुटली आणि म्हातारी भुरुकसकट दरीत गेली.

संध्याकाळी सामान खांद्यावर घेऊन मी कॅम्पात आलो, तेव्हा भुरुकला ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. पवार अटेन्शनमध्ये उभे राहून म्हणाले, "गाडी पास होती, सर. पाटी नव्हती. ड्रायव्हरनं गिअर चुकवला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कॅप्टन साहेबांनी मला विचारलं, "नाईक, पाटी लगाया?"

"लगाया, सर."

"किसने निकाला?"

गाडी बाहेर काढायचा हुकूम त्यांचाच होता. मी पवारांकडं बोट केलं. ते समोर बघत राहिले, पापणीसुद्धा हलली नाही. मी म्हणालो, "साहेब, माझ्याकडं बघून बोला की!"

"नाईक, खामोश!"

गायकवाड पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात पडला होता. स्ट्रेचरवाल्याला त्याच्या पलटणीबरोबर पुढं पाठवून दिलं होतं. एका जमादाराच्या शब्दापुढं एका नाइकाचा शब्द. निकाल लागला, चूक ड्रायव्हरची. रात्री पवारांनी माझ्यासाठी चहाचा मग पाठवला. मी तो मातीत ओतला. लगेच माझी आसामला बदली झाली.

जाताना पुण्यात गायकवाडाला भेटलो. वळणावरचं सगळं त्यानंच सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "येक इच्यारू का, नाईकसाब? न्यायला आल्यावर भुरुकनं आमच्या म्होरंच जमादारसाबास्नी पुन्यांदा इच्यारलं, पाटी कुनी काढली म्हनून. ते म्हनले, रेणुसेनं काढली. मंग भुरुक म्हनला, दादानं काढली तर काय भ्या न्हाई. तुमी काढली हुती का?"

अरे देवा. त्या क्षणी पवार समोर असते, तर मी फासावर गेलो असतो आणि आनंदानं गेलो असतो. सळई तुटली, गिअर पडला नाही, ही लोखंडाची गोष्ट झाली. पण त्या माणसानं माझं नाव पुढं करून माझ्या मित्राला गाडीत बसवलं. ज्याच्या ताटात जेवलो त्यानंच. आज म्हातारा झालो तरी हे मला गिळता आलेलं नाही, आणि त्याला माफ कर म्हणणाऱ्यांना मी दारात उभं करत नाही.

लढाई संपली. डिस्चार्ज घेऊन भोरला आलो तो तडक वेल्ह्याला गेलो. भुरुकची आई अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"ये बाबा. तुझे जमादारसाब लई देवमानूस बग. येऊन गेलं. म्हनलं, मावशे, पोराची चूक झाली, पर शेवटाला त्याचं डोस्कं माज्या मांडीवर हुतं. म्या पानी पाजलं, तवा त्यानं डोळं मिटलं."

 तेवढ्यावरच ती बाई जगत होती. पोरगं पाणी पिऊन, कुणाच्या तरी मांडीवर गेलं, एवढ्यावर. ते मोडायचं तर माझी जीभ उचलेना. पण धोंडिबाची चूक झाली हेही तिनं खरं मानलं होतं, सगळ्या गावानं मानलं होतं. पाणवठ्यावर तिला लोक म्हणत, तुझ्या पोरानं सरकारची गाडी दरीत घातली.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाटी, दगड, सळई, काही ठेवलं नाही.

"म्हंजी माझ्या लेकाची चूक न्हवती?"

"न्हवती, मावशी."

"आन पानी?"

"पानी कुनी न्हाई पाजलं, मावशी. लोक खाली पोचलं तवा तो गेला हुता."

तिनं पदर तोंडाला लावला.  मग म्हणाली, "त्या मुडद्याला म्या जेवाय घातलं. पुरनाची पोळी केली, वरनं तूप वाढलं."



मग ती उठली. डोळे पुसले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत वाटेवर जाऊन उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आयका गं समद्या! माझ्या धोंडूनं गाडी पाडली न्हाई! त्यानं धरून ठिवली हुती!"