वहीवरची हळद
हळदीची डबी उघडली की मला अमेरिकेतल्या एडिसनमधला तो दसरा आठवतो. शेजारच्या ज्यू आजींनी माझ्या लेकीला व्हायोलिनवर वाजवायला त्यांच्या वडिलांची स्वरलिपीची वही काही दिवसांसाठी दिली होती. ते संगीतकार आणि समीक्षक होते. नाझींच्या छावणीत मारले गेले. दसऱ्याला पूजेत पुस्तकं, वाद्यं मांडताना मी सवयीने त्या वहीलाही हळदीकुंकू वाहिलं, आणि तेवढ्यात आजी दारात! “सॉरी, सॉरी” म्हणत मी पुसायला धावले, तर त्यांनी माझा हातच धरला. “लीव्ह इट,” त्या म्हणाल्या, “बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर खुणा करायचे. त्यांच्या वहीवर करायला कुणी उरलंच नव्हतं.” माझा जीव भांड्यात पडला. आता दर दसऱ्याला आजी ती वही आपणहून घेऊन येतात.