हिरवी खूण

समोरच्या खोलीतल्या वहिनींनी चाळीस वर्षं शर्टांची काजं केली. शिंपी शर्ट शिवून पाठवायचे, वहिनी हाताने काजं घालायच्या, दिवसाला पन्नास-साठ. बटण अडायला नको, निसटायलाही नको, एवढीच त्यांची अट. गल्ली त्यांना काजेवाली म्हणे.

त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. गेल्या वर्षी उजव्याला काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लवकर करा. गेलेली नजर परत येत नाही." सरकारी दवाखान्यात नंबर कॉम्प्युटरवरूनच लागतो. मीच त्यांना कोपऱ्यावरच्या फॉर्मवाल्याकडे नेलं.

"ईमेल?" त्याने विचारलं.

"ते माझ्याकडे नाही बाबा. खोलीचा पत्ता आहे, तो लिही."

"त्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आजी." त्याने चिकट कीबोर्डवर काहीतरी बडवलं. मध्ये ते शेपटीवालं गोल चिन्ह, पुढे एक टिंब. लगेच बाजूला हिरवी खूण आली.

"हा पत्ता कुणाचा?" वहिनी बाहेरच्या बाकावर टेकल्यावर मी हळूच विचारलं.

"कुणाचाच नाही. ज्यांच्याकडे नसतो त्या सगळ्यांना हाच लावतो. मशीन घेतंय ना? मग तुमच्या पोटात का दुखतंय, आजोबा?"

मागे रांग होती. लोक हसले. मी पैसे दिले आणि वहिनींना घेऊन निघालो.

तीन महिने वहिनी पोस्टमनची वाट बघत राहिल्या. शेवटी मी दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाई नखं कुरतडत म्हणाल्या, "तारीख कधीच ईमेलवर पाठवली. पेशंट आला नाही. नाव काढलं."

"अहो, पण तो पत्ता खोटा होता."

"खोटा कसा? वैध आहे. ही बघा खूण."

"वैध म्हणजे काय हो?"

"चिन्ह जागेवर, टिंब जागेवर. आणखी काय हवं?"

"तिथे पत्र वाचायला कुणी आहे का, हे कोण बघतं?"

"ते आमच्याकडे येत नाही. चला, पुढचे कोण?"

खिडकीच्या काचेवर शेकडो बोटांचे तेलकट डाग होते. त्या काचेची, त्या नखांची, त्या फॉर्मवाल्याच्या हसण्याची किळस आली. आणि रांगेला घाबरून मिटलेल्या माझ्या तोंडाची सगळ्यात जास्त.

माझ्या लेकीकडून माझा स्वतःचा ईमेल काढून घेतला, वहिनींचा नवा फॉर्म भरला. तारीख आली ती पाच महिन्यांनंतरची. ऑपरेशन झालं, पण तोवर वहिनींना उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला होता.

परवा धीर करून त्यांच्याकडे गेलो. त्या खाटेवर बसून एका जुन्या शर्टाची काजं बोटाने चाचपत होत्या.

"वहिनी, तो पत्ता कुणाचाच नाही, हे मला तिथेच कळलं होतं."

त्यांचं बोट थांबलं.

"भाऊ, चाळीस वर्षांत बटण घालून बघितल्याशिवाय एकही काज मी शिंप्याला दिलं नाही."

मग त्या उठल्या, भिंत चाचपत गेल्या आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.