गुडघ्यानं दिलेला कौल

खंडोबा माझ्या अंगात आला होता, असं आमच्या गावात काही माणसं अजूनही मानतात. आला नव्हता. त्या दिवशी मी देवाचं सोंग केलं आणि जीव गमावता गमावता राहिलो. लिहायला लाज वाटते, पण पोटात ठेवायलाही जमत नाही.

मी शिंपी. पाटोद्याच्या बाजारात माझं पायडलचं मशीन आहे. हात कापडावर, तोंड गप्पांत आणि पाय पायडलवर, अशी माझी उमर गेली. गिऱ्हाईक शिवणापेक्षा माझ्या गोष्टींसाठी येतं, असं बायको म्हणते आणि त्यात कौतुक कमीच असतं. पायांना मात्र मी कधी 'चला' म्हटलं नाही. ते आपले चालत. त्या वर्षी चंपाषष्ठीच्या थोडं आधी जुलाबाने बेजार झालो, बराही झालो. मग जत्रा दोन दिवसांवर आली आणि पाय चुकायला लागले. पायडल मध्येच उलटं फिरायचं, दोरा तुटायचा. पावलांना मुंग्या यायच्या. जागरणं झाली असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं.

जत्रेच्या दुपारी माळावरच्या देवळापुढे आरती रंगात आली होती. हलगी कडाडत होती. अचानक माझ्या मांड्या लटपटल्या, गुडघे दुमडले आणि मी देवळाच्या पायरीवर सांडलेल्या भंडाऱ्यात बसकण मारली. "पडलो" म्हणून ओरडणार, तोच शेजारी उभा असलेला माझा दोस्त भानुदास किंचाळला, "वारं आलं! टेलरच्या अंगात वारं आलं!"

झालं. यळकोटाचा गजर उठला, मुठी मुठी भंडारा उधळला गेला, बाया माझ्या पायांवर डोकं ठेवू लागल्या. आता चारचौघांत 'मला उठता येत नाही' म्हणायचं, की देव व्हायचं? माझ्यासारख्या नाटकी माणसाला हा प्रश्न पडतच नाही. मी केस पुढे घेऊन घुमायला लागलो.

"देवा, बोअर कुठं घिऊ?" भानुदासने हात जोडले. एरवी हाच मला "कावून बे, लई शाना झालास का?" म्हणतो.

"उगवतीला!" मी गरजलो.

"किती फुटावर पानी लागंल?"

"लागंल तितक्यावर!"

लोकांनी माना डोलावल्या. आतून मात्र मला घाम फुटला होता, कारण गुपचूप पाऊल हलवून पाहिलं आणि ते हललं नाही. एकदम भीती वाटली. पण देव झालेल्या माणसाने 'मला दवाखान्यात न्या' असं कोणत्या तोंडाने म्हणावं? मनातल्या मनात म्हणालो, मल्हारी, गंमत केली, चुकलो. आता तूच यातून काढ.

तेवढ्यात एक धनगरीण पाया पडायला वाकली. तिच्या मेंढ्यांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, दरवर्षी जत्रेआधीच पुढे निघून जातो. त्या वर्षी एक मेंढी व्यायला अडली म्हणून तो माळाखाली थांबला होता, हे मला नंतर कळलं. पायावर डोकं ठेवून ती इतर बायांसारखी लगेच उठली नाही. तिने माझ्या पायाची बोटं खाली दुमडली आणि सोडून दिली. बोटं तशीच दुमडलेली राहिली. मग माझा पाय पायरीवरून लोंबता धरून गुडघ्याखाली हाताच्या कडेने फटका मारला. काही नाही.

"ह्यो देव न्हाई," ती म्हणाली.

"ए बाई, देवाला मारती कावून?" भानुदास खवळला.

"देव आला की पाय नाचत्यात, बाबा. ह्याचे मेल्यात. खूर उलटा ठिवला तर धड मेंढी झटक्यात सरळ करती. माझ्या एका मेंढीनं केला न्हाई. ती पायापासनं वर वर लुळी पडत गेली अन् श्वास कोंडून मेली." मग ती माझ्या कानाशी आली. "खरं सांग दादा, देव हायस का तू?"

माझे डोळे भरले. "न्हाई, मावशे. मला उठताच येईना."

दिवस मावळायच्या आत मला जीपने बीडच्या दवाखान्यात पोचवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रबरी हातोडी गुडघ्याखाली मारली. पाय गप्प. जीबीएस, म्हणाल्या, शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून आपल्याच नसांवर उठते. मला शिंप्याला एवढं कळलं, की माझ्या नसांचं अस्तर उसवत चाललं होतं आणि ते छातीपर्यंत पोचणार होतं. पोचलंही. काही दिवस यंत्राने मला श्वास दिला. पण तेव्हा मी यंत्राजवळ होतो, माळावर घुमत नव्हतो.

घशातली श्वासाची नळी निघाल्यावर मी पहिलं वाक्य बोललो ते बायकोशी, "भानुदासला सांग, बोअर मारू नको."

पुढे डॉक्टरीणबाई रोज हातोडी मारायच्या आणि मी चौकशा करायचो. फटका बसला की बातमी नसेतून पाठीच्या कण्यात जाते, तिथूनच हुकूम सुटतो आणि पाय उडतो. डोक्याला मागाहून कळतं.

"म्हणजे मला विचारतच नाहीत?"

"तव्याला हात लागल्यावर तुम्हाला विचारत बसलं तर हात भाजेल, काका."

त्या रात्री खाटेवर मी हे उत्तर टाका टाका उसवून पाहिलं. मी फक्त 'चल' एवढं ठरवत होतो, तेही क्वचित. कोणता स्नायू ओढायचा, कोणता सैल सोडायचा, तोल कुठे सावरायचा, हे सगळं इतकी वर्षं आत कुणीतरी निमूट करत होतं. आणि मी लोकांसमोर देव होऊन गरजत होतो! अंगात यायला तो बाहेर होताच कधी? त्या दिवसापासून मी मागणं सोडलं. एवढंच म्हणालो, पायडल तुझं, चालव किंवा थांबव.

त्याने सावकाश चालवलं. आधी बोटं, मग घोटे, मग मांड्या. दुसऱ्या वर्षीच्या जत्रेला काठी टेकत गेलो. मावशी मुद्दाम थांबली होती का, विचारलं नाही. पाया पडलो तर तिला माझा चेहरा आठवेना.

"पाय बघू," म्हणाली.

मला पायरीवर बसवलं आणि गुडघ्याखाली फटका दिला. पाय उडाला तो थेट तिच्या हातातल्या भंडाऱ्याच्या ताटलीला लागला. सगळा भंडारा आम्हा दोघांच्या डोक्यावर. भानुदास पळत आला आणि या वेळी काही ओरडायच्या आधी तिच्या तोंडाकडे पाहून थांबला.

मावशी पिवळ्याधमक चेहऱ्याने हसत होती. "आता आला बघ देव."

मी हात जोडले. पायाला उड म्हणून मी सांगितलं नव्हतं.